त्याने कॅमेरा नाही, फोटो विकला!

कॅम्पस प्लेसमेंटच्या यादीत हल्ली एक पद हमखास दिसतं. प्रॉडक्ट मॅनेजर. पगार बरा असतो, नाव भारी वाटतं, पण घरी कुणी विचारलं की नेमकं काम काय असतं रे, की आपली त-त-प-प होते. कोड इंजिनीअर लिहितो, स्क्रीन डिझायनर रंगवतो, विक्री सेल्सवाले बघतात. मग हा मधला माणूस करतो तरी काय?

याचं उत्तर शोधायला आज सिलिकॉन व्हॅलीत जायची गरज नाही. अमेरिकेतच जाऊ, पण जवळजवळ दीडशे वर्षं मागे, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. तिथल्या एका बँकेत जॉर्ज ईस्टमन नावाचा विशीतला कारकून खातेवह्या लिहीत बसायचा. याच पोराने पुढे ‘कोडॅक’ उभी केली. तो कुणी पदवीधर शास्त्रज्ञ नव्हता. कॉलेज सोडा, शाळाही त्याने अर्ध्यावर सोडलेली. पण वस्तू कुणासाठी बनवायची, तिच्यातलं काय काढून टाकायचं आणि तिच्याभोवती अख्खी व्यवस्था कशी उभी करायची, हे त्याला फार लवकर उमगलं. प्रॉडक्ट मॅनेजरचं कामही हेच. तेव्हा या कामाला नाव नव्हतं, इतकंच.

चौदाव्या वर्षी नोकरी

जॉर्जचा जन्म १२ जुलै १८५४चा, वॉटरव्हिल नावाच्या लहानशा गावातला. वडील रॉचेस्टरमध्ये व्यापारी शिक्षणाचं कॉलेज चालवायचे. १८६२मध्ये ते गेले आणि घराचं गणित कोलमडलं. आई मरिया यांनी घरात भाडेकरू ठेवून संसार ओढला. दोन मोठ्या बहिणी होत्या, त्यातल्या एकीला पोलिओ झालेला. चौदाव्या वर्षी जॉर्जने शाळा सोडली आणि एका विमा कार्यालयात ऑफिस बॉय म्हणून लागला. पगार आठवड्याला ३ डॉलर. त्यातला पै-पैचा हिशेब तो वहीत लिहून ठेवायचा. १८७४मध्ये त्याला रॉचेस्टर सेव्हिंग्ज बँकेत कारकुनाची नोकरी मिळाली. घरच्यांना वाटलं असणार, चला, पोरगं मार्गी लागलं.

१८७७मध्ये त्याच्या डोक्यात कॅरिबियन बेटांवरच्या सांतो डोमिंगोला जायचं खूळ शिरलं. बरोबरच्या एकाने सुचवलं, जातोच आहेस तर कॅमेरा घेऊन जा, फोटो काढून आण. जॉर्जने सामान विकत घेतलं आणि त्याचे डोळेच पांढरे झाले. भलामोठा कॅमेरा, जड तिकाटणं, काचेच्या प्लेटा, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचं भांडं, शिवाय अंधार करायला एक तंबू! फोटो काढायच्या आधी तंबूत शिरून काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत परत तंबूत पळत जाऊन ती धुवायची. फोटोग्राफर निम्मा केमिस्ट आणि निम्मा हमाल असायचा.

ती सहल झालीच नाही. पण जॉर्जच्या डोक्यातून एक प्रश्न काही जाईना. एक फोटो काढायला इतका पसारा का लागावा?

आईच्या स्वयंपाकघरातली लॅब

इंग्लंडमधल्या फोटोग्राफीच्या मासिकांतून त्याला कळलं की तिथे जिलेटिनचा थर दिलेल्या कोरड्या प्लेटा बनायला लागल्यात. आधी बनवून ठेवा, हवी तेव्हा वापरा. मग सुरू झाली डबल ड्युटी. दिवसा बँक, रात्री आईच्या स्वयंपाकघरात प्रयोग. कधी कधी तर तो अंगावरच्या कपड्यांनिशी शेगडीपाशीच झोपून जायचा.

इथे एक गोष्ट नीट बघा. कोरडी प्लेट जॉर्जने शोधलेली नाही. त्याने शोधलं ते असंख्य प्लेटांवर एकसारखा थर देणारं मशीन. त्याचं पेटंट त्याने आधी १८७९मध्ये इंग्लंडमध्ये आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत घेतलं. कल्पना दुसऱ्यांकडेही होती. ती रोजच्या रोज, त्याच दर्जाची, हजारो लोकांपर्यंत कशी पोहोचवायची याचं कोडं त्याने सोडवलं. तुमच्या हॅकेथॉनमधला डेमो आणि बाजारात टिकणारं अ‍ॅप, यांच्यातलं अंतर हेच असतं.

१८८०मध्ये त्याने रॉचेस्टरमध्ये एका इमारतीचा मजला भाड्याने घेतला. त्याच्या आईकडे भाडेकरू म्हणून राहिलेले, घोडागाडीचे चाबूक बनवणारे उद्योजक हेन्री स्ट्राँग यांनी पैसे घातले आणि १ जानेवारी १८८१ला भागीदारी सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॉर्जने बँकेला रामराम ठोकला.

आणि मग दणका बसला. १८८२मध्ये दुकानदारांकडून तक्रारी येऊ लागल्या की प्लेटांवर चित्रच नीट उमटत नाही. जॉर्जला हात झटकता आले असते. तुम्ही माल नीट ठेवला नसेल, असं म्हणून मोकळा झाला असता. त्याऐवजी त्याने खराब प्लेटा परत घेतल्या आणि बदलून द्यायचं ठरवलं. नव्या कंपनीची तिजोरी त्यात जवळजवळ रिकामी झाली. शेकडो प्रयोगांनंतर दोष सापडला तो बाहेरून येणाऱ्या जिलेटिनमध्ये. तिथून पुढे कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही, हा कारखान्याचा नियम झाला.

आज अ‍ॅपमध्ये बग निघाला तर रात्रीतून अपडेट सोडता येतं. जॉर्जचा बग काचेवर होता आणि गावोगावच्या दुकानांत पडून होता. तरी त्याने तो आपला मानला. ग्राहकाला तुमचा पुरवठादार माहीत नसतो, त्याला फक्त तुमचं नाव माहीत असतं.

गिऱ्हाईकच वेगळं होतं

कोरड्या प्लेटांचा धंदा बसला, पैसा येऊ लागला. एखादा इथेच थांबला असता. जॉर्जला मात्र काच खुपत होती. जड, फुटणारी, एका वेळी एकच फोटो. १८८४च्या सुमारास विल्यम वॉकर या जोडीदाराबरोबर त्याने रोल होल्डर बनवला. कागदावर रसायनाचा थर द्यायचा, त्याची गुंडाळी करायची आणि ती तेव्हाच्या कुठल्याही कॅमेऱ्याच्या मागे बसवायची.

युक्ती झकास होती. पण बाजार थंड! व्यावसायिक फोटोग्राफरांनी ती वापरून बघितली आणि परत काचेकडे वळले. कागदाचा पोत फोटोत उमटायचा. तो टाळायला केलेली पुढची फिल्म धुवायला महाकिचकट निघाली.

आता तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केलं असतं? सूट दिली असती? जाहिरातींचा मारा केला असता? जॉर्जने प्रश्नच बदलला. या हलक्या रोलची गरज नक्की कुणाला आहे? ज्याला काचेवरचा लखलखीत फोटो जमतो त्याला नाहीच. ज्याने आयुष्यात कधी कॅमेरा हातातच धरला नाही, त्याला आहे. सहलीला निघालेलं कुटुंब, तान्ह्या लेकराची आई, सायकलवर भटकणारा तरुण. या मंडळींना फोटोतल्या बारीक दाण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना नको होता तो तंबू, त्या बाटल्या आणि ती धुलाई.

म्हणजे रोलच्या कल्पनेत खोट नव्हती. ती चुकीच्या माणसाच्या दारात उभी होती.

शंभर फोटोंचा डबा

१८८८मध्ये आला तो ‘कोडॅक’ कॅमेरा. दिसायला साधा चौकोनी डबा. डोळा लावून बघायची खिडकी नाही, फोकस जुळवायची भानगड नाही, उजेडाचं गणित नाही. दोरी ओढा, चावी फिरवा, बटण दाबा. आत शंभर फोटोंचा रोल कारखान्यातूनच भरलेला. किंमत २५ डॉलर.

खरी गंमत पुढे होती. शंभर फोटो संपले की अख्खा डबाच टपालाने रॉचेस्टरला पाठवायचा, सोबत १० डॉलर. कंपनी रोल धुणार, फोटो छापणार, डब्यात नवा रोल भरणार आणि सगळं घरपोच परत करणार. जाहिरातीतही जॉर्जने हेच ठासून सांगितलं की बटण दाबण्यापलीकडे ग्राहकाने काही करायची गरज नाही.

एक क्षण थांबा आणि हे आजच्या भाषेत वाचा. अवघड काम त्याने ग्राहकाच्या हातातून काढून स्वतःच्या कारखान्यात नेलं. फोन वापरताना तुम्ही फोटो काढता आणि तो आपोआप क्लाऊडवर जाऊन बसतो, त्याचे हे पणजोबाच म्हणायचे! कॅमेऱ्यात काय घालायचं यापेक्षा काय काढायचं याचा विचार त्याने जास्त केला. आपल्याकडे प्रोजेक्ट करताना उलटं होतं. चार जणांचा ग्रुप बसतो आणि प्रत्येकाला आपलं एकेक फीचर घुसवायचं असतं.

नावाचीही कथा आहे. ‘के’ हे जॉर्जचं आवडतं अक्षर. त्याला छोटं, कुठल्याही भाषेत चुकीचं उच्चारता न येणारं आणि आधीपासून काहीच अर्थ नसलेलं नाव हवं होतं. आईबरोबर अक्षरं जुळवता जुळवता ‘कोडॅक’ तयार झालं आणि १८८८मध्येच त्याने ते ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं. बघा ना, आपल्याकडेही हा शब्द आजीपासून नातवापर्यंत कुणाच्या जिभेला अडखळला नाही.

डब्याचा प्लॅटफॉर्म झाला

कॅमेरा माणूस एकदा घेतो. रोल मात्र परत परत लागतो. जॉर्जचा खरा धंदा या ‘परत परत’मध्ये होता. प्रिंटर स्वस्तात मिळतो आणि शाई महाग पडते, हे तुम्ही हॉस्टेलच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा, तो नीट समजावून सांगेल.

१८८९मध्ये कंपनीचा रसायनतज्ज्ञ हेन्री रायकेनबाख याच्या कामातून कागदाऐवजी पारदर्शक, लवचिक फिल्म बाजारात आली. आणि मग जॉर्जने ठरवलंही नव्हतं असं काही घडलं. थॉमस एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या विल्यम डिक्सनने ही फिल्म मागवली आणि तिच्यावर हलती चित्रं टिपायचं यंत्र उभं केलं. फोटोसाठी बनलेल्या पट्टीवर सिनेमा उभा राहिला! प्लॅटफॉर्म म्हणजे दुसरं काय असतं? तुम्ही पाया घालता आणि त्यावर तिसराच कुणीतरी येऊन असं घर बांधतो, जे तुमच्या स्वप्नातही नव्हतं.

या पायाचा एक दगड थेट आपल्या अंगणात आहे. १९१२मध्ये दादासाहेब फाळके लंडनला गेले, तिथे विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि कोडॅकच्या कच्च्या फिल्मची ऑर्डर दिली. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला. रॉचेस्टरच्या स्वयंपाकघरात सुरू झालेला उद्योग असा गिरगावच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचला.

एक डॉलरची ब्राउनी

२५ डॉलर ही तेव्हा साधी रक्कम नव्हती. जॉर्जच्याच पहिल्या पगाराने मोजलं तर आठ आठवड्यांहून जास्त कमाई. म्हणून त्याने कॅमेरा बनवणाऱ्या फ्रँक ब्राउनेलला कामाला लावलं. लक्ष्य एकच, जितका स्वस्त बनवता येईल तितका बनव. फेब्रुवारी १९००मध्ये ‘ब्राउनी’ आली. पुठ्ठ्याचा डबा, वर नकली चामडं, किंमत फक्त १ डॉलर. फिल्म १५ सेंटला. नाव त्या काळात लहान मुलांमध्ये गाजलेल्या ब्राउनी नावाच्या खट्याळ बुटक्यांवरून घेतलेलं आणि जाहिरातही मुलांनाच उद्देशून. पहिल्याच वर्षी एक लाखाहून जास्त ब्राउनी खपल्या.

हिशेब सरळ होता. कॅमेऱ्यावर फार कमवायचंच नाही. प्रत्येक स्वस्त कॅमेरा म्हणजे फिल्मचं एक नवं गिऱ्हाईक. आज अ‍ॅप फुकट देऊन सबस्क्रिप्शनवर कमावणाऱ्या कंपन्या याच वाटेने चालतात.

पण या हिशेबाने आणखी एक मोठी गोष्ट झाली. तोवर फोटो म्हणजे स्टुडिओत ताठ बसून, श्वास रोखून काढायची गोष्ट. ब्राउनीनंतर शाळकरी पोरांनी घरातला कुत्रा, अंगणातलं भांडण, झोपलेले आजोबा असलं काहीबाही टिपायला सुरुवात केली. साध्या माणसाच्या साध्या दिवसाला पहिल्यांदाच पुरावा मिळाला.

बंद दाराची दुसरी बाजू

इथवरची गोष्ट ऐकून जॉर्जचा फॅन व्हायला झालं असेल, तर जरा दम धरा.

सगळी किल्ली स्वतःकडे ठेवायची, हीसुद्धा त्याचीच सवय. प्रतिस्पर्ध्यांची पेटंट विकत घे, कंपन्या विकत घे, दुकानदारांवर अटी घाल, असं करत कोडॅकने बाजाराभोवती कुंपण घातलं. हॅनिबल गुडविन नावाच्या एका धर्मोपदेशकाने लवचिक फिल्मच्या पेटंटसाठी १८८७मध्येच अर्ज केला होता, कोडॅकच्या पारदर्शक फिल्मच्या आधी. ते पेटंट त्याच्या हाती पडायला १८९८ उजाडलं आणि १९००मध्ये तो वारला. पुढे त्याच्या पेटंटचे हक्क असलेल्या कंपनीने खटला भरला आणि १९१४मध्ये कोडॅकला ५० लाख डॉलर मोजावे लागले. गुडविनला स्वतःला ते बघायला मिळालं नाही.

सरकारनेही मक्तेदारीचा खटला भरला. १९१५मध्ये न्यायालयाने कोडॅकची मक्तेदारी बेकायदा ठरवली आणि १९२१मध्ये काही ब्रँड विकायला तयार होऊन कंपनीने ते प्रकरण मिटवलं. आज अ‍ॅप स्टोअर आणि सर्च इंजिनवाल्या बड्या कंपन्यांवर जे खटले चालतात, त्यांची ही जुनी आवृत्ती समजा. ग्राहकाचा त्रास कमी करणारा बंद डबा आणि दुसऱ्याला आत येऊ न देणारा बंद डबा, यांच्यातली रेष फार बारीक असते. उद्या तुम्ही प्लॅटफॉर्म चालवाल तेव्हा ती रेष कुठे आखायची, हे तुम्हालाच ठरवावं लागेल.

पैसा आला, मग?

जॉर्जने लग्न केलं नाही. आई १९०७मध्ये जाईपर्यंत त्याच्याजवळच होती. पैसा अमाप आला आणि त्याने तो तितक्याच हिशेबाने वाटला. १९१२पासून कामगारांना पगाराबाहेर नफ्यातला वाटा मिळू लागला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपल्याला माहीत असलेली एमआयटी, हिला त्याने ‘मिस्टर स्मिथ’ या खोट्या नावाने देणग्या दिल्या. तो आकडा पुढे २ कोटी डॉलरच्या घरात गेला. चौदाव्या वर्षी शाळा सुटलेल्या पोराने हे केलं, हे विसरू नका. रॉचेस्टरला संगीताचं महाविद्यालय, मुलांसाठी दातांचे दवाखाने, कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या टस्कीगी आणि हॅम्पटन या संस्थांना मदत, यादी मोठी आहे.

शेवटची वर्षं मात्र वाईट गेली. मणक्याच्या आजाराने चालणंही कठीण झालं. १४ मार्च १९३२ला, ७७व्या वर्षी, त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं. या वाक्यावर हुशारीचं भाष्य करण्यासारखं काही नाही. एवढंच, की दुखणं अंगाचं असो की मनाचं, ते एकट्याने सोसू नका. घरात, मित्रांशी, डॉक्टरांशी बोला.

त्याच्यानंतरचा रोल

१९७५मध्ये याच कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनीअरने फिल्मशिवाय चालणारा कॅमेरा बनवून दाखवला. डिजिटल कॅमेऱ्याचा तो पूर्वज. कोडॅकने पुढे डिजिटल कॅमेरे विकलेही. पण कंपनीची चूल पेटत होती ती फिल्मवर, आणि डिजिटलवाल्याला रोल लागतच नाही. आपल्याच दुभत्या गाईचं काय करायचं, हे ठरता ठरता वर्षं निघून गेली. जानेवारी २०१२मध्ये कोडॅकने दिवाळखोरीतून संरक्षण मिळावं म्हणून न्यायालयात अर्ज केला.

आता जॉर्ज आठवा. कोरड्या प्लेटा जोरात खपत असतानाच तो काचेला पर्याय शोधत होता. स्वतःचा चालता धंदा त्याने स्वतःच जुना ठरवला, कारण लोकांना काच नको होती आणि खरं तर रोलही नको होता. त्यांना हवे होते फोटो. त्याच्या वारसांच्या हाती त्याचा कारखाना आला, त्याची फिल्म आली, नाव आलं. हा प्रश्न मात्र कुठेतरी वाटेत राहिला.

तेव्हा पुढच्या वेळी कॉलेजच्या प्रोजेक्टला किंवा इंटर्नशिपच्या मुलाखतीला एखादं अ‍ॅप समोर आलं, तर फीचरची यादी नंतर काढा. आधी कागदावर तीन गोष्टी लिहा. हे नक्की कुणासाठी आहे? त्याचं कोणतं अवघड काम आपण आपल्या अंगावर घेतोय? आणि उद्या त्याला आपल्या या वस्तूची गरजच उरली नाही, तर त्याला तरीही काय हवं असेल? तिसऱ्या प्रश्नाला जरा जास्त जागा सोडा. कोडॅक अडली ती तिथेच.